ओ ग्रोवेत एक दिवस, आईला मासे हवेत: कुठे बसायचं आणि काय मागवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: पोर्तुगालकडून सांतियागोला जाणारा कामिनो, म्हणजे यात्रेकरूंची पायवाट, चालताय, पोंतेवेद्रात दोन रात्री मुक्काम, त्यातला एक अख्खा दिवस ओ ग्रोवेला, म्हणजे वायव्य स्पेनमधल्या गालिसिया प्रांतातल्या मासळीच्या गावाला, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, आई मासे म्हटलं की हातातलं काम टाकून येणारी, बाबा पक्के शाकाहारी, माणशी ४०-५० युरोची तयारी, आणि "उगाच दहा नावं नकोत, एकच रेस्टॉरंट सांगा". नाव सांगतो, एक नाही तीन-चार सांगतो, पण नुसत्या नावावर गेलात तर त्याच टेबलावर बसून तुम्ही वाईट जेवाल आणि शेजारचा माणूस स्वर्गात जाईल, कारण तिथे काय मागवलं यावर सगळं आहे. म्हणून आधी तेच.

माझा धंदा फ्रोझनचा आहे हे सांगून टाकतो. रत्नागिरीहून स्क्विड आणि कटलफिश, म्हणजे आपली म्हाकुलं, कंटेनर भरून युरोपात जातात, त्यातली बरीच स्पेनला, आणि दर ऑक्टोबरच्या सुरुवातीला विगोला कोन्शेमार म्हणून फ्रोझन माशांचं मोठं प्रदर्शन भरतं तिथे आमच्यासारखे लोक सूट घालून उभे असतात. विगोहून ओ ग्रोवे गाडीने तासाभरावर. प्रदर्शन संपलं की सूट बॅगेत आणि आम्ही तिकडे. त्यामुळे तिथल्या किचनमध्ये मागच्या दाराने कुठला खोका आत जातो ते मला बऱ्यापैकी कळतं. बंदरावर फोटोवाल्या मेन्यूत तळलेल्या कालामारेसच्या चकत्या दिसतील ना, त्या आपल्या किनाऱ्यावरून गेलेल्या असू शकतात. माल वाईट नसतो, आम्हीच पाठवतो, पण कोकणातलं म्हाकूल खायला एवढं विमानाचं तिकीट काढायची गरज नाही.

तर नियम एकच. ओ ग्रोवेत बसलात की आधी "आज रीआतलं काय आहे" असं विचारायचं. "के आय ओय दे ला रीआ?" एवढं वाक्य पाठ करा. रीआ म्हणजे समुद्राचं आत घुसलेलं खाडीसारखं पाणी, आणि ओ ग्रोवे आरोसा नावाच्या रीआच्या तोंडाशी आहे, रिआस बाइशास म्हणजे गालिसियाच्या दक्षिणेकडच्या रीआ, त्यांतली ती सगळ्यात मोठी. मूळचं बेटच होतं जवळजवळ, वाळूच्या एका पट्टीने मुख्य जमिनीला जोडलंय, ती पट्टी म्हणजे आ लान्सादाचा लांबलचक बीच, तुमची बस त्याच बाजूने येईल, डाव्या हाताची खिडकी पकडा. वसंतात-उन्हाळ्यात उत्तरेचा वारा वाहतो, वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि खालचं थंड, खतावलेलं पाणी रीआत वर येतं, त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, माजतं आणि प्लवकावर शिंपले. बाकी सगळा चमत्कार त्या थंड पाण्याचा. कुक फार काही करत नाही, आणि चांगल्या जागी तो काही करत नाही म्हणूनच पैसे द्यायचे असतात.

आता ऑक्टोबरात काय असतं ते बघू. तुमचं नशीब चांगलं आहे.

नेकोरा. छोटा, मखमली लव असलेला, लाल डोळ्यांचा खेकडा. त्याचा हंगाम जुलैपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे तुम्ही जाताय तेव्हा ऐन भरात. मिठाच्या पाण्यात तमालपत्र टाकून उकडतात, बस, आणि कोमट किंवा गार असा आणून ठेवतात. आईला सांगा मादी माग, आत गाभोळी असते. चिंबोरीचं कालवण खाल्लेल्या माणसाला पहिल्यांदा वाटतं की हे काय, कच्चंच दिलंय, रस्सा कुठाय, पण दोन नांग्या चोखल्या की गप्प होतो. माणशी दोन नेकोरा पुरेत. फ्रोझन नेकोरा मात्र चुकूनही घेऊ नका, हे मी फ्रोझनवाला सांगतोय. खेकड्याचं मांस गोठवून सोडलं की पाणी सुटून लगदा होतो, कवचाच्या आत कापूस खाल्ल्यासारखं लागतं. विचारायचं, "विवास?" म्हणजे जिवंत होत्या का. चांगल्या जागी पाण्याची टाकी दाखवतात किंवा ट्रेच घेऊन येतात टेबलाशी.

सेंतोया, तो लांब पायांचा कोळ्यासारखा खेकडा, सगळ्या फोटोंत असतो आणि सगळ्यांना तोच हवा असतो. पण तिथल्या सेंतोयाची पकड नोव्हेंबरच्या आसपास सुरू होते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात समोर आला तर तो बहुतेक फ्रान्स नाहीतर आयर्लंडकडून ट्रकने आलेला. जिवंत असतो, खायला बराही असतो, पण पैसे तुम्ही आरोसाचे देणार. सोडून द्या. बुए दे मार म्हणून मोठा जाडजूड खेकडा मिळतो त्याचंही तेच, बराचसा उत्तरेकडून येतो.

मेशिल्योन, मराठीत शिनाणे. ओ ग्रोवेच्या बंदरावर उभं राहिलात की पाण्यात लाकडी तराफ्यांची रांगच्या रांग दिसेल, त्यांना बातेआ म्हणतात. निलगिरीच्या लाकडाची चौकट, जास्तीत जास्त ५०० चौरस मीटर, त्याला खाली लोंबकळणारे जास्तीत जास्त ५०० दोर, प्रत्येक १२ मीटरपर्यंत. खडकांवरून खरवडून आणलेलं बारीक बी दोराला विरघळणाऱ्या जाळीने गुंडाळतात, काही महिन्यांनी दाटी झाली की काढून परत विरळ बांधतात, आणि वर्ष-दीड वर्षाने क्रेनने दोर वर ओढतात. एकट्या आरोसात अशा दोन हजारांहून जास्त बातेआ आहेत. शरद ऋतूत शिनाणे भरलेले असतात, वसंतात अंडी टाकून झाली की मरगळतात, म्हणून मे महिन्यात जाऊन आलेला माणूस "एवढं काही खास नाही" म्हणतो ते त्याच्या परीने खरंच असतं. नुसते वाफवलेले मागवा, "आल वापोर". भांड्यात पाणीसुद्धा घालत नाहीत, स्वतःच्याच पाण्यावर उघडतात. नारिंगी असतात त्या माद्या, पांढरट ते नर, चवीत मला तरी फरक कळत नाही, बाकी लोक हिरिरीने वाद घालतात. हा पदार्थ तिथे गरिबाचा समजला जातो, भरलेली प्लेट बाकी सगळ्याच्या मानाने स्वस्त, आणि माझ्या मते पैशाला सगळ्यात जास्त चव यातच आहे.

आता साम्बुरिन्या, इथे सगळे पर्यटक फसतात म्हणून जरा थांबतो. साम्बुरिन्या म्हणजे कामिनोच्या त्या शिंपल्याचा छोटा भाऊ. मेन्यूवर सगळीकडे "साम्बुरिन्यास आ ला प्लांचा", म्हणजे तापल्या तव्यावर भाजलेल्या, असं लिहिलेलं असतं, सहा-आठ शिंपले, वर लसूण-पार्सलीचं तेल. आता रीआत या घराण्यातले तीन जण. मोठा वियेइरा, तोच यात्रेकरूंच्या गळ्यातला. मग खरी साम्बुरिन्या, कवच काळपट-तपकिरी, लांबट, आणि बिजागरीशी जे दोन कान असतात त्यातला एक मोठा एक छोटा. आणि मग वोलांदेइरा, कवच गोल, दोन्ही बाजूंनी फुगीर, गुलाबी-पिवळसर, कान दोन्ही जवळपास सारखे. या तिघांव्यतिरिक्त चौथा पाहुणा पेरू-चिलीकडून गोठवून येतो, गुबगुबीत पांढरं मांस आणि त्याला लालभडक कोरल, म्हणजे गाभोळी, एका कवचावर नीट बसवलेला, आणि फोटोवाल्या मेन्यूतला "साम्बुरिन्या" हा पुष्कळदा हाच असतो. चव वाईट नसते, पण ती पॅसिफिकची चव. ओळखायची सोपी खूण अशी की प्लेटमधले सगळे अगदी एका मापाचे असतील आणि कवचं धुतलेल्या बशीसारखी स्वच्छ असतील तर ते खोक्यातले. वोलांदेइरा दिली आणि वोलांदेइराच म्हणून सांगितली तर ती दुकानदाराची प्रामाणिकपणाची पावती समजा, मी अशा जागी बाकीचंही निर्धास्त मागवतो. वियेइराबद्दल एक गोष्ट: त्याच्या पोटातली काळी पिशवी आधीच काढलेली असते, त्यात विष साठतं म्हणून ती अधिकृत केंद्रातच काढावी लागते, तेव्हा "यांनी अर्धा माल खाल्ला" असं आईला वाटू देऊ नका.

विषावरून आठवलं. किनाऱ्यावर ओहोटीला शिंपले पडलेले दिसतील, आईचे हात शिवशिवतील, कोकणातली कोणतीही बाई ओहोटीला तिसऱ्या वेचायला वाकणारच. तिथे वाकायचं नाही. एक तर बेकायदा आहे, किनाऱ्यावरून तिसऱ्या-खुबे काढायचा परवाना असतो, तो असणाऱ्यात बहुतांश बायकाच आहेत, मारिस्कादोरास म्हणतात त्यांना, किती किलो काढायचे तेही ठरवून दिलेलं. दुसरं म्हणजे पाण्यात अधूनमधून विषारी सूक्ष्म शैवाल वाढतं, लाल भरती म्हणतात, आणि ते शिंपल्यात साठलं तर उकडूनही जात नाही. इंतेकमार नावाची सरकारी संस्था सतत पाण्याचे आणि शिंपल्यांचे नमुने तपासते आणि पट्टेच्या पट्टे बंद करते. दुकानातल्या जाळीच्या पिशवीला चिकटवलेलं लेबल असतं ते या सगळ्या तपासणीतून गेल्याचं.

तिसऱ्या, म्हणजे आल्मेखास. यात फिना सगळ्यात महाग, बाबोसा मधली, हापोनिका स्वस्त. फिना कच्ची लिंबू पिळून खातात, हापोनिका शिजवायला. तुमच्या बजेटात हापोनिका आ ला मारिनेरा येईल, कांदा-लसूण-वाइन आणि पिमेंतोन, म्हणजे लाल मिरचीची पूड, यांचा रस्सा, आणि त्या रश्श्यात पाव बुडवून आई खूश होईल कारण दिवसभरात रस्सा म्हणावा असं काही मिळालं तर ते एवढंच. पण गेली काही वर्षं तिसऱ्या आणि खुबे दोन्ही खूप कमी झालेत. खुब्यांना २०१२ मध्ये आरोसात मार्तेइलिया नावाचा परजीवी लागला आणि सगळं साफ करून गेला, त्यात मोठे पाऊस पडले की रीआतलं पाणी गोडं होतं आणि उरलेलं मरतं. त्यामुळे किंमत बघून दचकू नका आणि स्वस्त दिसल्या तर जास्त दचका.

पेर्सेबेस हा खडकावर लाटांच्या माऱ्यात उगवणारा, डायनासोरच्या बोटासारखा दिसणारा प्रकार. काढणारी माणसं दोर बांधून लाटेच्या तोंडाशी उतरतात, त्यात जीव जातात, म्हणून भाव. चांगले मोठे, जाड, आखूड पेर्सेबेस ओ ग्रोवेपेक्षा उत्तरेच्या कोस्ता दा मोर्तेवर आणि सेदेइराकडे. लांब सडपातळ असतील तर ते पाणी पिऊन वाढलेले, घेऊ नका. डिसेंबरात भाव गगनाला भिडतात, ऑक्टोबरात त्यामानाने बरं, पण तुमच्या बजेटला शंभर-दीडशे ग्रॅमच्या वर झेपणार नाही, चवीपुरते घ्या. नखाजवळ धरायचं, खालची कातडी पिळून ओढायची, आत गुलाबी मांस. तोंड दुसरीकडे करून, नाहीतर पाण्याची पिचकारी थेट बाबांच्या शर्टावर.

पुल्पो म्हणजे ऑक्टोपस. तांब्याच्या हंड्यात उकडून कात्रीने कापून लाकडी थाळीवर, जाड मीठ, पिमेंतोन, ऑलिव्ह तेल. आता गंमत बघा, हा गालिसियाचा सगळ्यात प्रसिद्ध पदार्थ, आणि त्यातला बराच ऑक्टोपस मोरोक्को-मॉरिटानियाहून गोठून येतो. आणि इथे मी फ्रोझनची बाजू घेणार. ऑक्टोपस गोठवल्याने त्याचे तंतू तुटतात, मऊ शिजतो, पूर्वी दगडावर आपटून जे करायचे तेच काम फ्रीझर करतो, रीआतला ताजा पकडलेला ऑक्टोपससुद्धा कित्येक घरांत आधी फ्रीझरमध्येच जातो. त्यामुळे पुल्पोच्या बाबतीत ताजा की फ्रोझन हे विचारत बसू नका, शिजवणाऱ्याचा हात विचारा. आणि खरं सांगू का, पुल्पो आ फेइरा हा समुद्रकाठचा नाहीच मुळी, आतल्या कार्बायिन्यो भागातल्या बायका जत्रांमधून हंडे घेऊन फिरायच्या त्यांचा हा पदार्थ. कामिनोवर तुम्ही तो कुठेही खाल. ओ ग्रोवेतल्या एका दुपारी पोटातली जागा त्याला देऊ नका.

मोठ्या कोळंब्या, लांगोस्तिनोस, ताटभर स्वस्तात दिसल्या तर त्या इक्वेडोर, अर्जेंटिना किंवा आपल्याकडच्या. रीआची कोळंबी असते ती छोटीशी, पारदर्शक, कामारोन म्हणतात, किलोचा भाव ऐकून खुर्ची धरावी लागते, पण पन्नास ग्रॅम मागवून बघा, डोक्यासकट खातात.

हे सगळं वाचून झालं असेल तर आता जागा.

बंदरासमोर कोर्गोचा चौक आणि तिथून जाणारा समुद्रकाठचा रस्ता, इथे एकाला एक लागून रेस्टॉरंटं. बाहेर पाटी, "मारिस्कादा दोन माणसांसाठी", म्हणजे शिंपले-खेकड्यांचं मोठं ताट, फोटो, झाडाच्या फांद्यांसारखे उभे केलेले खेकड्याचे पाय, सोबत वाइनची बाटली फुकट. अशा पाटीखाली बसू नका. त्या ताटात भर असते ती सगळी वर सांगितलेल्या खोक्यांमधली, मध्ये एखादी नेकोरा शोभेला. त्यापेक्षा तेवढ्याच पैशात तीन खऱ्या गोष्टी वेगवेगळ्या मागवलेल्या बऱ्या.

पैशाची काळजी नसती तर मी डोळे मिटून दी-बेर्तो सांगितलं असतं. रीआच्या शिंपल्या-खेकड्यांचं सगळ्यात मोठं, सगळ्यात देखणं सामान त्यांच्याकडे जातं असा त्यांचा लौकिक आहे आणि तो खरा आहे, बाकी सजावट शून्य, उकडलेलं किंवा प्लांचावरचं. पण माणशी ५० युरोत तिथे तुम्ही मेन्यू वाचून पाणी पिऊन बाहेर याल. आईचा साठावा वाढदिवस असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा आधी फोन करून टेबल ठेवा आणि दोनच गोष्टी मागवा. कुलेर दे पाऊ हे दुसरं मोठं नाव, गावाबाहेर रेबोरेदोत, शेफ हाविएर ओलेरोस, दोन मिशेलिन स्टार. तिथे स्वतःच्या भाजीच्या वाफ्यावर बरंच काही चालतं, म्हणजे गंमत अशी की तुमच्या घरात त्याचा खरा गिऱ्हाईक बाबा आहेत, पण तो टेस्टिंग मेन्यू आहे, खूप आधी बुकिंग, आणि चालून चालून पायाला फोड आलेल्या माणसाने तीन तास ताठ बसायचं ते काम नाही.

तुमच्यासाठी मधली पायरी. बेइरामार नावाचं रेस्टॉरंट बंदराच्या रस्त्यावरच आहे, जुनं, पांढऱ्या टेबलक्लॉथचं, तिथे मासळी नीट असते आणि काय रीआतलं काय बाहेरचं हे विचारलं तर सांगतात. दुपारी तिथे बसून नेकोरा, शिनाणे आणि एक मासा वाटून घेतलात तर बजेटच्या आसपास निभेल, वाइनवर हात आवरलात तर. माशात विचारा काल्देइरादा दे राया आहे का, म्हणजे वागळीची काल्देइरादा. वागळी बटाट्यांबरोबर उकडून वर आल्यादा ओततात, लसूण तेलात तळून त्यात पिमेंतोन. हा इथल्या कोळ्यांच्या घरचा पदार्थ आहे, परक्याला कोणी आपणहून सुचवत नाही, स्वस्त असतो, आणि कोकणातल्या जिभेला अख्ख्या गावात सगळ्यात जवळचा हाच वाटतो.

आणि खरं माझं मन कुठे रमतं विचाराल तर मेलोशोत. ओ ग्रोवेचाच भाग, पश्चिमेच्या अंगाला, छोटं बंदर, होड्या, जाळी, आणि दोन-चार बार जिथे दुपारी एक वाजता बातेआवरून परतलेली माणसं रबरी बुटांसकट उभी असतात. मुद्दाम नाव देत नाही कारण अशा बारचं बरंवाईट त्या दिवशी किचनमध्ये कोण आहे यावर असतं. खूण सांगतो: फळ्यावर खडूने लिहिलेले पाच-सहाच पदार्थ, त्यातला एक खोडलेला, आणि इंग्रजी मेन्यू मागितला तर मालकीण हसते. तिथे शोउबास, म्हणजे छोट्या तारल्या, तळलेल्या नाहीतर एम्पानादात, म्हणजे सारण घालून भाजलेल्या पिठाच्या पारीत, भरलेल्या. मक्याच्या पिठाची एम्पानादा दिसली तर सोडू नका. एम्पानादाच्या पिठात कधी डुकराची चरबी असते, चालत नसेल तर आधी विचारा.

तुमच्या तारखांचा अजून एक फायदा, फेस्ता दो मारिस्को. १९६३ पासून दर ऑक्टोबरात, १२ तारखेच्या सुट्टीच्या आगेमागे, बंदरावर मोठे मांडव घालून शिंपले-खेकड्यांची जत्रा भरते. पदार्थाप्रमाणे ठरलेला भाव, कागदी प्लेट, लांब बाकं, गाइता, म्हणजे तिथली बॅगपाइप, वाजवणारे. लोक नाकं मुरडतात, म्हणतात की तिथला माल पहिल्या प्रतीचा नसतो. पहिल्या प्रतीचा नसतोच, पण शिनाणे आणि तळलेल्या छोट्या गोष्टी झकास असतात, फिरतं गिऱ्हाईक एवढं की काही शिळं राहत नाही, आणि आईला दहा गोष्टी थोड्या थोड्या चाखायच्या असतील तर याहून स्वस्त उपाय नाही. फक्त शनिवार-रविवारी दुपारी जाऊ नका, अख्खा गालिसिया तिथे असतो. नेकोरा तिथे घेऊ नका, ती रेस्टॉरंटात.

कातामारानबद्दलही विचाराल. काचेच्या तळाच्या बोटी बंदरावरून निघतात, बातेआ दाखवतात, दोर वर ओढून दाखवतात, मग डेकवर हवे तेवढे शिनाणे आणि पांढरी वाइन. चालेल, बाबांना बातेआ बघायला आवडतील आणि आईचा नाश्ता होईल, पण वारा असेल तर बोट हलते आणि मग दुपारच्या जेवणाचं वाटोळं.

भावाचं सांगतो, इथे भांडणं होतात. मेन्यूवर खेकडे-पेर्सेबेसपुढे आकडा नसतो, "एस/एम" असतं, सेगून मेर्कादो, म्हणजे बाजारभाव. किंवा आकडा असतो तो किलोचा असतो आणि बारीक अक्षरात. मागवायच्या आधी विचारायचं, "क्वांतो पेसा?" किती वजन भरतं, आणि हिशोब करून हो म्हणायचं. यात लाजायचं काही नाही, तिथली माणसंही विचारतात. चांगला वेटर तुमच्यासमोर वजन करून आकडा सांगतो. दुसरं, दोन माणसांत तीन रासियोन भरपूर, "मेदिया रासियोन" म्हणजे अर्धी प्लेटही पुष्कळ ठिकाणी देतात. पाव फुकट नसतो, बिलात एखाद-दीड युरो लावतात. टिप सक्तीची नाही.

वाराचंही बघा. रविवारी होड्या जात नाहीत, त्यामुळे सोमवारी मासळी दुबळी आणि बऱ्याच जागा बंदही. मंगळवार ते शनिवार उत्तम. दुपारचं जेवण दीड ते साडेतीन, साडेचारला किचन बंद म्हणजे बंद, आणि रात्री नऊच्या आत कोणी काही देत नाही. बाराला भूक लागणाऱ्या आई-बाबांना हे आधीच समजावून ठेवा, खिशात केळी असू द्या.

वाइन घेणार असाल तर आल्बारिन्यो, द्राक्षं याच साल्नेस खोऱ्यातली, पलीकडच्या काम्बादोसला तिची राजधानी म्हणतात. थंड, आंबटसर, किंचित खारट वाटते, वाफवलेल्या शिनाण्यांबरोबर दुसरं काही सुचवणार नाही. पाण्याची बाटलीही चालते, कोणी वाकडं बघत नाही.

मसाला नाही म्हणजे नाही. तिखटपणाची हौस असेल तर "पिमेंतोन पिकांते" मागा, तिखट जातीची पूड असते. लसणीची चटणी बॅगेत घ्या, पण नेकोरावर घालू नका, एम्पानादावर घाला.

बाबांसाठी. पिमिएंतोस दे पाद्रोन, छोट्या हिरव्या मिरच्या तेलात परतून वर जाड मीठ, हंगाम संपत आलेला असतो पण मिळतील, बहुतेक गोड आणि एखादी जाळ काढणारी. तोर्तिया म्हणजे बटाट्याचं ऑम्लेट, अंडं चालत असेल तर. तेतिया चीज आणि पाव. सूप घेऊ नका, काल्दो गायेगोत हिरवा पाला दिसतो पण तळाला डुकराचं हाड असतं. आणि "एन्सालादा मिस्ता" म्हणजे मिक्स सॅलड, त्यावर हमखास ट्यूना, म्हणून "सिन आतून" सांगायचं. बाबांना उपाशी ठेवून आईला खेकडा खाऊ घातलात तर पुढचे सगळे किलोमीटर ऐकून घ्यावं लागेल.

पोंतेवेद्राहून सकाळची बस धरा, तास-सव्वातास लागतो. उतरल्यावर आधी मंडई बघा, प्लासा दे आबास्तोस, बंदराच्या जवळच. मासळीवाल्या बायकांच्या ओट्यावर काय आहे ते एकदा डोळ्याखालून घाला, जे तिथे दिसलं नाही आणि रेस्टॉरंटात "ताजं" म्हणून दिसलं तर काय समजायचं ते समजा. लोंशात, म्हणजे मासळीच्या लिलावघरात, वेळ जुळली तर शिरा, वेळ दारावर विचारा. तिथला लिलाव उलटा चालतो, भाव वरून खाली पडत येतो आणि जो आधी थांबवतो त्याचा माल. आपल्या रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातला आरडाओरडा नाही, फलकाकडे बघत सगळे चिडीचूप. मग बाराच्या सुमारास मेलोशोला टॅक्सीने जाऊन उभ्या उभ्या एक प्लेट, दोनला बेइरामार, जेवल्यावर पूल ओलांडून आ तोशा बेटावर चालत, तिथे शिंपल्यांनी मढवलेली छोटी पांढरी चॅपेल आहे, कामिनोवाल्यांना आवडते. शिंपल्यांच्या माळा विकणाऱ्या बायका गाठतील, एक घ्या आणि पुढे व्हा. संध्याकाळी मांडवात शिनाणे. परतीची शेवटची बस किती वाजता ते सकाळी उतरतानाच ड्रायव्हरला विचारून ठेवा, ती स्पॅनिश जेवणाच्या वेळा पाळत नाही.

घरी न्यायला डबे घ्या. बेर्बेरेचोस म्हणजे खुबे मिठाच्या पाण्यातले, आणि मेशिल्योन एस्काबेचेमधले, व्हिनेगर-तेल-पिमेंतोनचं लोणचंच म्हणा. डब्यावर ३०/३५ असा आकडा असतो तो आत किती नग आहेत त्याचा, आकडा जितका लहान तितके खुबे मोठे आणि डबा महाग. मागे बारीक अक्षरात मूळ ठिकाण वाचा, "रिआस गायेगास", म्हणजे गालिसियाच्या रीआ, असेल तरच घ्या, कारण शेजारच्या स्वस्त डब्यातले चिलीचे किंवा दुसऱ्या कुठल्या समुद्रातले असू शकतात. गावातल्या सुपरमार्केटमध्ये हेच डबे बंदरावरच्या गिफ्ट शॉपपेक्षा स्वस्त मिळतात, आणि केबिन बॅगेत घालू नका, आत तेल आहे म्हणून सिक्युरिटीवाले काढून घेतात, चेक-इनमध्ये टाका.